सुरीविना त्वचेचा कर्करोग बरा होतो का?

वसई-विरार पट्ट्यातल्या हजारो माणसांचं आयुष्य उन्हात जातं. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदरचे मच्छीमार, बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या आणि मग बाजारात टोपली मांडून बसणाऱ्या कोळिणी, नायगाव-जूचंद्रकडच्या मिठागरांत राबलेले मजूर, आगाशी-भुईगावच्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांत वाकून काम करणारे वाडीवाले. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या निरभ्र दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक 11 च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीतली ही सगळ्यांत वरची पायरी. तरीही त्वचेचा कर्करोग हा विषय इथल्या घरांत निघत नाही. त्याचं कारण उघड आहे: सावळ्या कातडीतलं मेलॅनिन बरीचशी अतिनील किरणं अडवतं आणि भारतातल्या एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपासच राहतो.

पण ज्याच्या नाकपुडीच्या कडेला तो उगवतो, त्याला टक्केवारीशी काय देणंघेणं? सुरुवात अगदी साधी असते. डाळीएवढी गुळगुळीत, चकचकीत पुटकुळी. ती महिनोन्‌महिने तशीच राहते. मग एक दिवस तोंड पुसताना टॉवेलला रक्ताचा ठिपका लागतो. खपली धरते, पडते, पुन्हा धरते. गोऱ्या माणसात ही गाठ मोत्यासारखी गुलाबी दिसते, आपल्याकडे मात्र अनेकदा काळसर, तिळासारखी दिसते. म्हणून घरची माणसं तिला तीळ म्हणतात, मस म्हणतात, चामखीळ म्हणतात, आणि वर्षं निघून जातात. अखेरीस डॉक्टर बायोप्सी करतात, अहवालावर 'बेसल सेल कार्सिनोमा' हे शब्द येतात, आणि रुग्णाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो: कापल्याशिवाय होईल का?

हा प्रश्न भित्रेपणाचा समजून झटकून टाकण्यासारखा नाही. गाठ बहुतेक वेळा चेहऱ्यावर असते, रुग्ण बहुतेक वेळा साठीच्या पुढचा असतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, मधुमेह असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या प्रश्नाला वैद्यकशास्त्राकडे खरीखुरी उत्तरं आहेत. ती एकसारखी नाहीत आणि सगळ्यांना लागू पडणारी तर नाहीतच. म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवीत.

आधी शत्रूची ओळख. त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी असलेल्या पेशींसारख्या पेशींपासून हा कर्करोग वाढतो. जगभर माणसाला होणाऱ्या कर्करोगांत संख्येने हाच सगळ्यांत जास्त, असं मानलं जातं. अनेक देशांच्या कर्करोग नोंदवह्यांत तो मोजलाही जात नाही, इतका तो सर्रास आढळतो आणि इतक्या क्वचित जीव घेतो. रक्तातून किंवा लसिकेतून दुसऱ्या अवयवात पसरण्याचं त्याचं प्रमाण एका टक्क्याहूनही कमी आहे. पण जागच्या जागी तो दया दाखवत नाही. दुर्लक्ष झालं तर नाकाची कूर्चा, पापणी, कानाची पाळी, प्रसंगी डोळ्याची खोबण पोखरतो. 1827 मध्ये डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी या हळू चालणाऱ्या, पण न थांबणाऱ्या व्रणाचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्यापुढे असेच चेहरे होते.

आता गंमत अशी की, 'कापल्याशिवाय' हा मार्ग नवा नाही. क्ष-किरणांचा शोध लागला 1895 मध्ये. त्यानंतर चारच वर्षांनी, 1899 मध्ये, स्टॉकहोमच्या टोर स्टेनबेक यांनी एका बाईच्या नाकावरचा बेसल सेल कर्करोग क्ष-किरणांनी बरा केला. त्यासाठी नऊ महिन्यांत शंभराच्या आसपास बैठका लागल्या, पण तीस वर्षांनंतरही ती बाई धडधाकट होती. 1903 मध्ये सेंट पीटर्सबर्गला दोन रुग्णांच्या चेहऱ्यावरच्या याच आजारावर रेडियम ठेवून उपचार झाले. किरणोपचार नावाच्या संपूर्ण शाखेचे पहिले यशस्वी रुग्ण त्वचेच्या कर्करोगाचे होते, कारण गाठ डोळ्यांना दिसत होती आणि ती विरताना पाहता येत होती.

महाराष्ट्रात या कहाणीचं केंद्र परळला आहे. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून उभं राहिलेलं टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह 1945 मध्ये एक शोधनिबंध लिहिला. माणसाच्या सवयींतून उद्भवणारे, भारतात दिसणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. त्यातला एक 'धोतर कॅन्सर'. वर्षानुवर्षं कमरेला धोतर घट्ट आवळून नेसल्याने तिथली त्वचा घासते, काळी पडते, जाड होते, जखम होते, आणि त्या जखमेत कर्करोग मूळ धरतो. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी साडीच्या परकराची नाडी जिथे रुतते तिथेही हाच प्रकार नोंदवला. त्याला 'साडी कॅन्सर' हे नाव पडलं.

हे इथे सांगायचं कारण मोठं आहे. कमरेचा हा कर्करोग बेसल सेल नसतो, स्क्वॅमस सेल असतो. भाजल्याच्या जुन्या व्रणात किंवा पायावरच्या वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत उगवणाराही बहुधा तोच. तो लसिकाग्रंथींमध्ये पसरू शकतो, त्याचा स्वभाव वेगळा आणि उपचारांचे नियमही वेगळे. यापुढे मलमांचे आणि किरणांचे जे आकडे येतील ते मुख्यतः बेसल सेलचे आहेत. म्हणजे बायोप्सी झाल्याशिवाय 'कापायचं की नाही' ही चर्चाच सुरू होऊ शकत नाही. बायोप्सीही रुग्णाला वाटते तेवढी भयंकर नसते. गाठीभोवती भुलीचं छोटं इंजेक्शन, मग बारीक नळीसारख्या धारदार हत्याराने तीन-चार मिलिमीटरचा तुकडा, आणि एखादा टाका किंवा नुसता दाब. रुग्ण त्याच दिवशी घरी. 'बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो' ही वसईपासून विदर्भापर्यंत ऐकू येणारी समजूत या आजाराच्या बाबतीत निराधार आहे, आणि तिने आजवर कित्येक नाकं वाया घालवली आहेत.

आता तुलनेचा मापदंड. कुठलाही बिनसुरीचा उपाय जोखायचा तर शस्त्रक्रियेशीच ताडून पाहावा लागतो, आणि ती कसोटी अवघड आहे. दोन सेंटिमीटरहून लहान, कडा स्पष्ट असलेली गाठ भोवतालच्या चार मिलिमीटर निरोगी त्वचेसह काढली तर सुमारे 95 टक्के रुग्णांत ती पूर्ण निघते. हे सगळं जागेवरची भूल देऊन होतं. चेहऱ्यावरच्या नाजूक जागांसाठी अमेरिकेच्या फ्रेडरिक मोह्स यांनी 1930 च्या दशकात वेगळी पद्धत काढली: पातळ थर काढायचा, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली त्याची संपूर्ण कड तपासायची, जिथे पेशी उरल्या असतील तेवढाच पुढचा थर काढायचा. पहिल्यांदाच झालेल्या गाठीत या पद्धतीचं यश 99 टक्क्यांच्या घरात आहे. भारतात ती मोजक्याच ठिकाणी मिळते.

मलमांपासून सुरुवात करू, कारण रुग्णाला सगळ्यांत जास्त आशा त्यांचीच असते. इमिक्विमॉड हे मलम मुळात जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी 1997 मध्ये बाजारात आलं आणि 2004 मध्ये अमेरिकेत वरवरच्या बेसल सेल कर्करोगासाठीही मंजूर झालं. ते पेशी जाळत नाही. त्वचेतल्या रोगप्रतिकारक पेशींना जागं करतं आणि त्याच गाठीवर तुटून पडतात. आठवड्यातून पाच रात्री, सहा आठवडे, झोपताना लावायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती जागा लाल होते, ओलसर होते, खपल्या धरते, चुरचुरते. काहींना अंगदुखी आणि कणकण येते. हे अपेक्षितच असतं. मात्र आधी कुणी सांगितलेलं नसेल तर रुग्ण घाबरून मलम बंद करतो आणि उपचार अर्धवट राहतो. अशा वेळी दोष मलमाला मिळतो, खरं तर तो न बोलणाऱ्या डॉक्टरच्या पदरी पडायला हवा.

यश किती? ब्रिटनमध्ये सुमारे 500 रुग्णांवर झालेल्या चाचणीत कमी जोखमीच्या गाठींसाठी मलम आणि शस्त्रक्रिया समोरासमोर ठेवली गेली. पाच वर्षांनी शस्त्रक्रियेचं यश 97.7 टक्के होतं, इमिक्विमॉडचं 82.5 टक्के. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. शस्त्रक्रिया निःसंशय सरस ठरली. पण पाचातल्या चार रुग्णांना एकही टाका न घालता पाच वर्षं सुख लाभलं, आणि ज्यांची गाठ परत आली त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळाच होता. ऐंशीच्या घरातल्या आजोबांच्या पाठीवरच्या चट्ट्यासाठी हा सौदा वाईट नाही. चाळिशीतल्या बाईच्या पापणीजवळच्या गाठीसाठी तो चुकीचा आहे.

नेदरलँड्समध्ये 601 रुग्णांवर झालेल्या चाचणीने तीन बिनसुरीचे उपाय आपसांत ताडून पाहिले. वरवरच्या गाठींत पाच वर्षांनी इमिक्विमॉड 80.5 टक्के, फ्लुओरोयुरासिल हे जुनं मलम 70 टक्के, आणि प्रकाशउपचार 62.7 टक्के असा निकाल लागला. प्रकाशउपचारात आधी एक मलम लावतात, कर्करोगाच्या पेशी ते शोषून घेतात, काही तासांनी लाल प्रकाश टाकला की त्या पेशी मरतात. व्रण सुरेख भरतो, दोनच बैठका लागतात. दिसायला सगळ्यांत देखणा असलेला हा उपाय टिकाऊपणात मात्र मागे पडला. सौंदर्योपचाराच्या दुकानातून असा दिवा कुणी 'कॅन्सरवरचा आधुनिक उपाय' म्हणून दाखवला तर हा 62.7 चा आकडा लक्षात असू द्यावा.

या सगळ्या आकड्यांवर एक अट ठळक अक्षरांत लिहायला हवी: गाठ वरवरची किंवा कमी जोखमीची असली तरच. बेसल सेलचा एक प्रकार वाडीतल्या हरळीसारखा असतो. वर दोन पाती दिसतात आणि मातीखाली मुळं हातभर पसरलेली असतात. अशा गाठीवर मलम लावलं तर वरचा भाग बरा होतो, त्वचा गुळगुळीत होते, रुग्ण पेढे वाटतो, आणि खाली रोग चालत राहतो. द्रव नायट्रोजनने गोठवण्याचीही हीच मर्यादा. उणे 196 अंशांचा तो फवारा काही मिनिटांत काम करतो, पण खाली काय उरलं हे कुणालाच दिसत नाही, आणि चेहऱ्यावरच्या गाठी त्यानंतर परत येण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आहे.

खोलवर पोचणारा बिनसुरीचा उपाय एकच: किरणोपचार. फ्रान्समध्ये चेहऱ्यावर चार सेंटिमीटरहून लहान बेसल सेल असलेल्या 347 रुग्णांची चाचणी 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. चार वर्षांत शस्त्रक्रियेनंतर 0.7 टक्के रुग्णांत रोग परतला, किरणोपचारानंतर 7.5 टक्के. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णवाहून अधिक जणांचा आजार किरणांनीही गेला. पण लोकांना चकित करणारा निष्कर्ष दुसराच होता. चेहरा छान दिसतो, असं शस्त्रक्रिया झालेल्या 87 टक्के रुग्णांबाबत म्हणता आलं, किरणोपचार झालेल्यांत 69 टक्के. सुरी चेहरा विद्रूप करते आणि किरणं तो राखतात, ही समजूत उलटी निघाली. किरणांनंतरची त्वचा वर्षं जातील तशी पातळ, फिकट आणि कोरडी होत जाते.

म्हणून किरणोपचार साधारणपणे साठीच्या पुढच्या रुग्णांसाठी राखून ठेवतात. दुसरंही कारण आहे. किरणांनीच दशकांनंतर नवा बेसल सेल कर्करोग होऊ शकतो. विसाव्या शतकाच्या मध्याला इस्रायलमध्ये हजारो मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णावर क्ष-किरणांचा उपचार केला गेला आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या टाळूवर मोठेपणी हेच कर्करोग दिसले. जन्मजात जनुकीय दोषामुळे ज्यांना असंख्य गाठी होतात, त्या गॉर्लिन सिंड्रोमच्या रुग्णांना किरणं देणं टाळतात ते त्यामुळेच.

विरारच्या रुग्णासाठी मात्र खरा पेच वैद्यकीय कमी आणि वेळापत्रकाचा जास्त असतो. पारंपरिक किरणोपचार आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे चालतो. म्हणजे वीस ते तीस फेऱ्या. विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर. सकाळच्या विरार लोकलमध्ये चढायचं, प्रभादेवीला उतरायचं, परळला पोचायचं, दोन-चार मिनिटांच्या किरणांसाठी रांगेत थांबायचं आणि परत फिरायचं. दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येतं, हे अनेकांना माहीतच नसतं. तरी सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडतो तो बुडतोच. मासळी विकणाऱ्या बाईचा महिनाभराचा धंदा बसतो. 'ऑपरेशन नको, शेक द्या' असं म्हणणाऱ्या घराला कुणी तरी हा हिशोब आधी मांडून दाखवायला हवा. एका दिवसाची शस्त्रक्रिया आणि टाके काढायची एक फेरी, याच्या शेजारी महिनाभराचा प्रवास ठेवला की अनेकांचं मत बदलतं.

डॉक्टरांनाही हे कळतं. म्हणून वयस्कर, थकलेल्या रुग्णांना दर वेळी जास्त मात्रा देऊन पाच-दहा बैठकांत उपचार संपवण्याच्या पद्धती आता रूढ झाल्या आहेत. फेऱ्या कमी हव्यात हे रुग्णाने मोकळेपणाने सांगावं. तो हट्ट ठरत नाही. किरणांचा आणखी एक प्रकार म्हणजे साच्याची ब्रॅकिथेरपी. नाकाच्या किंवा कानाच्या वळणदार आकारावर बाहेरून सारखी किरणं सोडणं सोपं नसतं. म्हणून तंत्रज्ञ रुग्णाच्या नाकावर मऊ, कोमट मेण किंवा प्लॅस्टिकचा पत्रा दाबून बसवतात, तो थंड होऊन घट्ट झाला की त्यात एकमेकींपासून सारख्या अंतरावर बारीक नळ्या रोवतात, आणि उपचाराच्या वेळी इरिडियम-192 चा तांदळाच्या दाण्याहून लहान स्रोत यंत्राने त्या नळ्यांतून फिरवतात. किरणं वरच्या काही मिलिमीटरांत सामावतात, खालच्या कूर्चेला कमी झळ बसते. प्रत्येक रुग्णाचा साचा वेगळा. हातांचं हे काम पाहिलं की किरणोपचार म्हणजे नुसतं यंत्राचं बटण, हा गैरसमज उरत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे किरणोत्सर्गी पट्टी. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात फॉस्फरस-32 हे समस्थानिक पातळ पडद्यात बांधून त्वचेवर ठेवायच्या पट्ट्या विकसित झाल्या आहेत. फॉस्फरस-32 चं अर्धायुष्य 14.3 दिवस, आणि त्याचे बीटा किरण शरीरात काही मिलिमीटरांवरच विरतात. परदेशात रेनियम-188 चा लेप वापरतात: गाठीवर संरक्षक पातळ पापुद्रा, त्यावर लेप, आकारानुसार साधारण पाऊण तास ते तीन तास ठेवायचा आणि काढून टाकायचा. एकाच बैठकीत काम. तीन मिलिमीटरपर्यंत खोल गाठींसाठीच तो योग्य मानतात. ज्या जिल्ह्यात 1969 मध्ये तारापूरची अणुभट्टी सुरू झाली, तिथल्या म्हाताऱ्या मच्छीमाराला अशी एका बैठकीची पट्टी जवळच्या रुग्णालयात मिळावी ही अपेक्षा अवाजवी नाही. वीस फेऱ्यांचं ओझं एका फेरीवर आणणारं तंत्र हेच या साऱ्या आढाव्यातलं वसईकरांच्या सर्वांत कामाचं तंत्र आहे, आणि त्याचा पाठपुरावा व्हायला हवा.

गाठ फार वाढली असेल, डोळ्याच्या खोबणीत शिरली असेल, कापायचं म्हटलं तर डोळाच काढावा लागेल, अशा रुग्णांसाठी एकविसाव्या शतकाने गोळी दिली. तिची कथा मेंढ्यांपासून सुरू होते. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरं जन्मू लागली. गाभण मेंढ्या व्हेराट्रम नावाचं एक रानटी झाड खात होत्या, हे शोधाअंती कळलं आणि त्यातलं विषारी द्रव्यही वेगळं काढता आलं. इकडे 1980 मध्ये क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी फळमाशीच्या अळ्यांवर काम करताना 'हेजहॉग' नावाचं जनुक टिपलं. त्यांना 1995 मध्ये नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी उलगडा झाला की, बेसल सेल कर्करोगात या जनुकाच्या संदेशसाखळीचा ब्रेक तुटलेला असतो. मेंढ्यांचं ते विष नेमकी हीच साखळी बंद पाडत होतं. त्या धाग्यावरून पुढे व्हिस्मोडेजिब तयार झालं आणि जानेवारी 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. कापता न येणाऱ्या गाठी असलेल्यांपैकी 43 टक्के रुग्णांत गाठ आक्रसली. त्याची किंमत शरीर वेगळ्या प्रकारे मोजतं: स्नायूंचे गोळे, केस गळणं, जेवणाची चव जाणं, वजन उतरणं. गर्भातल्या बाळाला या गोळीचा धोका किती, हे आयडाहोच्या कोकरांनी आधीच दाखवून दिलं होतं. औषध महाग आहे आणि बंद केलं की अनेकांत रोग परततो. त्यालाही दाद न देणाऱ्यांसाठी 2021 मध्ये सेमिप्लिमॅब हे रोगप्रतिकारशक्ती मोकळी करणारं इंजेक्शन आलं.

आपल्याकडे गजकर्णासाठी सर्रास खाल्ली जाणारी इट्राकोनॅझोल ही गोळीही हेजहॉगची साखळी थोडीफार रोखते. 2014 मध्ये 19 रुग्णांच्या छोट्या अभ्यासात गाठींचं क्षेत्रफळ सरासरी 24 टक्क्यांनी घटलं. घटलं, गेलं नाही. तेव्हा मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ती आणून खाण्यात यकृताचा धोका तेवढा पदरी पडेल.

काहीच न करणं हाही एक उपाय आहे, आणि तो उच्चारायला डॉक्टर कचरतात. नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवरची छोटी गाठ त्याच्या हयातीत त्याला त्रास देणार नसेल, तर तिच्यावर लक्ष ठेवून थांबता येतं. नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांवर नजर ठेवली गेली, तेव्हा जवळपास निम्म्या गाठी त्या काळात वाढल्याच नाहीत. नाकाडोळ्यांजवळच्या गाठीला मात्र हा नियम लावू नये.

उरला तो बिनसुरीचा सगळ्यांत धोकादायक प्रकार. तीळ किंवा मस घालवायला चुना आणि सोडा एकत्र करून लावायची रीत गावोगाव आहे. कुणी अ‍ॅसिडचा थेंब लावतं, कुणी ब्यूटी पार्लरमध्ये 'जाळून' घेतं. आपल्याकडची काळसर गाठ तिळासारखीच दिसत असल्याने हे प्रकार तिच्यावर नेमके होतात. वरचं जळतं, खालचं राहतं, वर पांढरा डाग बसतो, आणि रोग त्या डागाआड वाढतो. जळून गेलेल्या गाठीची बायोप्सीही होत नाही, त्यामुळे ती काय होती हे कधीच कळत नाही. 'विना ऑपरेशन कॅन्सर बरा' अशी पत्रकं लोकलच्या डब्यांत चिकटवलेली दिसतात. 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीवर बंदी आहे. तशी जाहिरात करणारा मुळातच कायदा मोडून दारात आलेला असतो.

मग निवड करायची कशी? निर्णय चार गोष्टींवर टिकतो: बायोप्सीत आलेला प्रकार, गाठीची जागा, रुग्णाचं वय आणि प्रकृती, आणि त्याला झेपतील तेवढ्या फेऱ्या. पोटावर, पाठीवर, दंडावर वरवरचा चट्टा असेल तर मलम मागण्यात काही चूक नाही. नाक, डोळे, कान, ओठ या पट्ट्यात गाठ असेल, किंवा ती एकदा काढून परत आली असेल, तर शस्त्रक्रियाच पहिली. शस्त्रक्रिया झेपणारच नसेल तर किरणं. धोतर-साडीच्या जागचा किंवा जुन्या भाजल्याच्या व्रणातला कर्करोग असेल तर मलमाचा विचारही करू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार येतात, कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. कुठला उपचार कुठे मिळेल हे योजनेतल्या रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र सांगतो. घरी लावायच्या मलमाचा खर्च सहसा खिशातूनच करावा लागतो, हेही आधीच विचारून घ्यावं. आणि कुठलाही उपाय केला तरी पाच वर्षं तपासणी चुकवायची नाही, कारण वरच्या मुख्य चाचण्यांचे आकडे चार-पाच वर्षांनंतरच मोजलेले आहेत.

घरातल्या कुणाच्या चेहऱ्यावरची जखम महिन्याभरात भरत नसेल, भरल्यासारखी होऊन पुन्हा रक्त येत असेल, किंवा तीळ हळूहळू पसरत असेल, तर त्याला या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. बायोप्सीचा कागद हातात आला की बिनधास्त विचारा, कापल्याशिवाय होईल का. गाठ वरवरची आणि कमी जोखमीची असेल तर 'होईल' हे उत्तर मिळण्याची शक्यता आज बरीच आहे.